चिरून टाक, गाळून घे, उतू गेलं: स्वयंपाकघरातले इंग्रजी फ्रेजल व्हर्ब्ज आणि कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मालवणजवळ बोलायच्या इंग्रजीचे वर्ग घेते. निरोप येतात ते बहुतेक स्वयंपाकघरातूनच. तारकर्ली-देवबागेत होमस्टे चालवणाऱ्या ताई, बोटीवर गॅलीत, म्हणजे तिथल्या स्वयंपाकघरात, कामाला जायची तयारी करणारे मुलगे, मालवणी पदार्थांचे व्हिडिओ करणाऱ्या सुना, सगळ्यांचं घोडं एकाच ठिकाणी अडतं: क्रियापदामागे लागणारं ते ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’. तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा आले म्हणून इथे एकत्र केले आहेत, आणि शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. इंग्रजी शब्द कानाला येतात तसे नागरीत लिहिले आहेत.

१. फ्रेजल व्हर्ब म्हणजे नक्की काय? साधं ‘कट’ म्हटलं तर चालत नाही का?

चालतं. तुम्ही बोलताना साध्या ‘कट’वर बरंच निभावून नेता येतं. अडचण ऐकताना येते, कारण पाहुणा तसं बोलत नाही. साध्या क्रियापदाला एक छोटा शब्द जोडला की अर्थ बदलतो. ‘कट’ म्हणजे कापणं. ‘कट अप द फिश’ म्हणजे माशाचे तुकडे करणं. ‘कट ऑफ द फिन्स’ म्हणजे पर छाटून वेगळे करणं. ‘आय हॅव कट आउट शुगर’ म्हणणाऱ्या माणसाने साखर पूर्ण सोडलेली असते, आणि ‘आय ॲम कटिंग डाउन ऑन शुगर’ म्हणणाऱ्याने नुसती कमी केलेली असते. पहिल्याला शिरवाळ्यांचा गोड रस वाढू नका. दुसऱ्याला अर्धी वाटी चालेल.

हे अवघड वाटतं त्यात तुमचा दोष नाही. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय की परक्या माणसाला सगळ्यात जास्त त्रास याच जोडशब्दांचा होतो.

२. यादी केवढी मोठी आहे! पाठ कशी करायची?

पाठ करू नका. वर्गात मी पहिल्या दिवशी फळ्यावर इंग्रजी लिहीतच नाही. चिरून टाक, गाळून घे, पुसून काढ, करपून गेलं, झाकून ठेव, एवढंच लिहिते आणि विचारते, ‘चिरून टाक’मध्ये काय टाकायचं? कोणीच काही टाकत नाही. कांदा चिरायचा आणि ते काम संपवायचं, एवढं ते ‘टाक’ सांगतं. ‘गाळून घे’मधलं ‘घे’ सांगतं की हे पुढच्या कामासाठी आहे. ‘करपून गेलं’मधलं ‘गेलं’ सांगतं की आता हातात काही उरलं नाही.

मराठी हे काम मागून येणाऱ्या दुसऱ्या क्रियापदाकडून करून घेते. इंग्रजी तेच काम छोट्या शब्दाकडून करून घेते. ‘ईट अप’मध्ये वर काही जात नाही, जसं ‘खाऊन टाक’मध्ये काही फेकलं जात नाही. ही पद्धत जन्मापासून तुमच्या तोंडात आहे, फक्त ती दुसऱ्या भाषेत ओळखायची आहे.

म्हणून कान मोठ्या शब्दाकडे नको, छोट्याकडे ठेवा. स्वयंपाकात ते फार नाहीत. ‘अप’ म्हणजे पुरतं, संपेपर्यंत. ‘डाउन’ म्हणजे कमी होत जाणं. ‘ऑफ’ म्हणजे वरून किंवा कडेने सुटं करणं. ‘आउट’ म्हणजे आतून बाहेर. ‘इन’ म्हणजे मिश्रणात. ‘ओव्हर’ म्हणजे काठावरून, वरून किंवा उलटं. ‘थ्रू’ म्हणजे आतपर्यंत. ‘अवे’ म्हणजे नाहीसं होणं. एवढ्या आठांवर पाहुण्याचं तीन-चतुर्थांश बोलणं उलगडतं, असा माझा अनुभव आहे. उरलेलं हट्टी आहे. ते पुढच्या प्रश्नांत येतं.

३. बाई, ह्यां ‘अप’ खंय लावचां नि खंय नाय, तां कसां कळतलां?

आकार महत्त्वाचा असेल तर ‘अप’ लावू नका. कोशिंबिरीसाठी कांदा बारीक चिरायचाय तर ‘चॉप द अनियन फाइनली’. वाटपासाठी, म्हणजे वाटणासाठी, कांदा नुसता फोडून भाजायला टाकायचाय, तुकडे कसेही चालतील, तर ‘चॉप अप द अनियन’. ‘अप’ म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं, झाले तुकडे की बस.

काही ठिकाणी मात्र ‘अप’ लावला की अर्थच पालटतो. मोदकांसाठी प्रश्न १३ पाहा.

४. ‘चॉप अप इट’ म्हटलं तर सर हसले. चूक काय झाली?

‘चॉप इट अप’ हवं होतं. वस्तूचं नाव घेतलं तर दोन्ही चालतं: ‘चॉप अप द अनियन’ किंवा ‘चॉप द अनियन अप’. पण नावाऐवजी ‘इट’, ‘देम’ आलं की ते मधेच बसतं. ‘स्कूप इट आउट’, ‘वॉर्म देम अप’, ‘टर्न इट डाउन’. याला सूट नाही.

मात्र सगळीच जोडी अशी फुटत नाही. ‘रन आउट ऑफ’ म्हणजे संपणं. ‘वी हॅव रन आउट ऑफ इट’ असंच येतं, ‘इट’ शेवटी. ‘पिक ॲट इट’, ‘टक इनटू इट’ हेही तसेच. कुठली जोडी फुटते ते ठरवायला नियम शोधत बसू नका, ‘इट’ घालून वाक्य मोठ्याने दहा वेळा म्हणा. जीभ नियमापेक्षा लवकर शिकते.

५. ‘ऑफ द गॅस’ म्हणायचं की ‘क्लोज द गॅस’?

दोन्ही नाही. ‘टर्न ऑफ द गॅस’. आपण ‘गॅस बंद कर’ म्हणतो म्हणून ‘क्लोज’ सुचतं. पण इंग्रजीत ‘क्लोज’ दाराला, डब्याला. आणि ‘ऑफ’ एकटं क्रियापद होत नाही. पेटवायला ‘टर्न ऑन’, आच वाढवायला ‘टर्न अप’, मंद करायला ‘टर्न डाउन’. चूल विझवायची असेल तर ‘पुट आउट द फायर’.

‘टेक इट ऑफ द हीट’ म्हणजे भांडं आचेवरून उतरवणं. तिथे आच चालूच असू शकते. माझ्या एका विद्यार्थिनीने हे ऐकून गॅस बंद केला आणि टोप तसाच तापलेल्या शेगडीवर ठेवला. सोलकढीच्या नारळाच्या दुधाचं व्हायचं ते झालं: फाटलं.

६. ‘भात लावला’, ‘चहा टाकला’, ‘कुकर लावला’ हे इंग्रजीत कसं सांगायचं?

इथे दोन्ही भाषा अगदी शेजारी बसतात. ‘भात लावलाय’ म्हणजे ‘आय हॅव पुट द राइस ऑन’. ‘चहा टाकते’ म्हणजे ‘आय विल पुट द केटल ऑन’. केटल घरात असो-नसो, ब्रिटिश माणूस असंच म्हणतो.

कुकर मात्र फसवा आहे. ब्रिटिश इंग्रजीत ‘कुकर’ म्हणजे शेगडी-ओव्हन असलेली सबंध चूलच. तुम्ही ‘द कुकर इज व्हिसलिंग’ म्हणालात तर पाहुणा दचकेल. ‘प्रेशर कुकर’ म्हणा.

७. बॉइल अप, बॉइल ओव्हर, बॉइल डाउन, बॉइल अवे. हे चार एकदाचे नीट सांगाल का?

हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतोच.

‘बॉइल अप’ म्हणजे उकळी आणणं. पाककृतीत त्याऐवजी ‘ब्रिंग टू द बॉइल’ जास्त दिसतं. अमेरिकेत तेच ‘ब्रिंग टू अ बॉइल’.

‘बॉइल ओव्हर’ म्हणजे उतू जाणं, भांड्याच्या काठावरून. दूध उतू जातं कारण तापल्यावर प्रथिनं आणि स्निग्धांश मिळून वर साय धरते, खालची वाफ तिच्यात कोंडते आणि फेस फुगत वर येतो. पाण्याला साय नाही, म्हणून ते एकटं सहसा उतू जात नाही. भाताची पेज मात्र जाते, तिच्यात पिठूळपणा असतो.

‘बॉइल डाउन’ म्हणजे आटवणं, मुद्दाम, घट्ट करण्यासाठी. कोकणात सगळ्यात जवळचं उदाहरण म्हणजे आंब्याच्या रसाचा मावा. रस आटत आटत टोपाच्या तळाशी जातो, पातळी खरोखर खाली उतरते. म्हणून ‘डाउन’.

‘बॉइल अवे’ म्हणजे आटून जाणं, लक्ष नसताना. मोदकपात्रातलं पाणी संपलं आणि तळ करपला, तर ‘द वॉटर बॉइल्ड अवे’. भांडं पार कोरडं पडलं तर ‘द पॅन बॉइल्ड ड्राय’.

आता व्याकरणाची गंमत. मराठीत ‘दूध उतू गेलं’ म्हणतो आणि सून कावरीबावरी दिसली की ‘दूध उतू घालवलंस!’ असंही म्हणतो. इंग्रजीत ही दुसरी सोय नाही. ‘यू बॉइल्ड ओव्हर द मिल्क’ चूक. दूध आपलं आपण ‘बॉइल ओव्हर’ होतं, माणूस फार तर होऊ देतो: ‘यू लेट द मिल्क बॉइल ओव्हर’. वास्तुशांतीला आपण दूध मुद्दाम उतू जाऊ देतो, ते पाहुण्याला सांगायचं तर ‘वी लेट द मिल्क बॉइल ओव्हर ऑन पर्पज’. शेवटचे दोन शब्द विसरू नका, नाहीतर तो धावत जाऊन गॅस बंद करेल.

बोटीवरच्या नोकरीच्या मुलाखतीत एका मुलाने ‘आय बॉइल्ड ओव्हर द स्टॉक फॉर टू अवर्स’ असं सांगितलं. त्याला म्हणायचं होतं, दोन तास आटवला. समोरच्याने ऐकलं की दोन तास शेगडीवर रस्सा सांडत होता.

८. तांदूळ निवडणं, खडे वेचणं आणि ताटात चिवडत बसणं. तिन्हीला ‘पिक’च का?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, देवगडच्या एका आजींनी विचारलेला. उत्तर छोट्या शब्दात आहे.

निवडणं म्हणजे ‘पिक ओव्हर’. सुपात तांदूळ पसरून सगळ्यांवरून नजर आणि बोटं फिरवायची, ‘पिक ओव्हर द राइस’. वेचणं म्हणजे ‘पिक आउट’. नजरेला पडलेला खडा बाहेर काढायचा, ‘पिक आउट द स्टोन्स’. तारल्याचे काटे काढून नातवाला भरवायचं असेल तिथेही ‘पिक आउट द बोन्स’. आणि चिवडणं म्हणजे ‘पिक ॲट’. ‘ही इज जस्ट पिकिंग ॲट हिज फूड’ म्हणजे जेवत नाहीये, नुसता बोटांनी इकडचं तिकडे करतोय. मराठीने तीन वेगळी क्रियापदं ठेवली, इंग्रजीने एकाच क्रियापदाला तीन शेपट्या लावल्या.

९. मासे साफ करण्याचं इंग्रजी?

इथे फ्रेजल व्हर्ब्ज फार नाहीत. खवले काढणं ‘स्केल’, पोटातली घाण काढणं ‘गट’, काटे काढून सपाट तुकडा करणं ‘फिले’. पर नि शेपूट ‘कट ऑफ’, रक्त नि उरलेली घाण ‘रिन्स आउट’. तिसऱ्यांतून (शिंपल्यांतून) वाळू निघावी म्हणून त्या पाण्यात ठेवतो, ते ‘सोक’, मागे काही नाही. मसाला चोळणं ‘रब इन द मसाला’, किंवा माशाचं नाव घ्यायचं तर ‘रब द मसाला इनटू द फिश’.

१०. सोलकढीची कृती इंग्रजीत सांगताना प्रत्येक वेळी ‘टेक’, ‘टेक’ होतं. नेमके शब्द सांगा.

नारळ फोडणं म्हणजे ‘क्रॅक ओपन द कोकोनट’. खोबरं खवणीवर काढणं ‘ग्रेट’ किंवा ‘स्क्रेप आउट द फ्लेश’. वाटलेल्या खोबऱ्यातून दूध पिळणं ‘स्क्वीज आउट द मिल्क’. चोथा गाळून वेगळा करणं ‘स्ट्रेन आउट द पल्प’. पण पातळ भाग ओतून काढायचा असेल, जसं भाताची पेज, तर ‘ड्रेन ऑफ द वॉटर’. आगळ घालणं ‘स्टर इन द कोकम एक्स्ट्रॅक्ट’. वरून कोथिंबीर ‘स्प्रिंकल ओव्हर’.

आणखी एक शब्द ध्यानात ठेवा: ‘वॉटर डाउन’. कढी दाट झाली म्हणून पाणी घातलं ते सांगायला हा वापरू नका. त्यात बेचव केल्याचा, फसवल्याचा वास आहे. ‘थिन इट आउट’ म्हणा.

११. ‘मिक्स इन’, ‘स्टर इन’, ‘फोल्ड इन’ एकच ना? आणि ‘मिक्स अप’?

पहिले तिन्ही ‘मिश्रणात घालणं’च, फरक हाताचा आहे. ‘स्टर इन’ला डाव गोल फिरतो, ‘फोल्ड इन’ला हलक्या हाताने खालून वर, फेसलेली हवा मोडू न देता. उकड काढताना उकळत्या पाण्यात तांदळाची पिठी घालतो ते ‘स्टर इन द राइस फ्लार’. तिथे ‘फोल्ड इन’ म्हटलंत तर गुठळ्या तुमच्या.

‘मिक्स अप’ जपून. ‘आय मिक्स्ड अप द बॅटर’ म्हणजे घावण्यांचं पीठ कालवलं, ठीक. पण ‘आय मिक्स्ड अप द सॉल्ट अँड द शुगर’ म्हणजे मिठाच्या जागी साखर पडली. दोन वस्तूंची नावं लागोपाठ आली की ऐकणारा गल्लतच समजतो.

१२. लाटणं, थापणं, फुगणं, पालथं घालणं?

लाटणं ‘रोल आउट’. थापणं ‘पॅट आउट’. भाकरीला आणि कोंबडी-वड्यांतल्या वड्याला तेच. पिठाचा गोळा तोडणं ‘पिंच ऑफ अ बॉल ऑफ डो’. वडा तेलात फुगला, ‘इट पफ्ड अप’. उलटणं ‘टर्न ओव्हर’ किंवा ‘फ्लिप ओव्हर’. घावण्याला दुसरा छान बसतो, कारण तो उलथन्याने झटक्यात होतो. वडा रश्शात बुडवला की ‘इट सोक्स अप द ग्रेव्ही’.

तवसोळी गार झाल्यावर ताटात पालथी घालून काढतो, ते ‘टर्न इट आउट ऑन अ प्लेट’. आणि कशी झाली असं विचारायचं तर तेच शब्द पुन्हा: ‘हाउ डिड इट टर्न आउट?’ तळ चिकटून राहिला, तर टोप खरवडणं म्हणजे ‘स्क्रेप आउट’. खरवड खायला घरात भांडणं होतात हे मात्र वेगळं समजावून सांगावं लागतं.

१३. मोदक ‘स्टीम अप’ केले असं म्हटलं. पाहुणे गोंधळले.

‘स्टीम अप’ म्हणजे काचेवर वाफ धरणं. मोदकपात्राचं झाकण काढताना तुमचा चष्मा ‘स्टीम अप’ होतो. मोदक नुसते ‘स्टीम’ होतात. प्रश्न २ मधला ‘पुरतं’वाला ‘अप’ इथे चालत नाही.

१४. सुके बांगडे, कोरडा झालेला तळलेला मासा, ओली भांडी. ‘ड्राय आउट’, ‘ड्राय ऑफ’, ‘ड्राय अप’ पैकी कुठे काय?

मासे उन्हात घातले ते नुसतं ‘ड्राय’. पसरणं ‘स्प्रेड आउट’ किंवा ‘ले आउट’. ‘वी ले आउट द फिश टू ड्राय’. पसरून घातलेली आंबापोळी असेल तरी हेच.

‘ड्राय आउट’ तक्रारीचं आहे: नको तेवढा ओलावा गेला. सुरमईची तुकडी तव्यावर जास्त वेळ राहिली, ‘इट ड्राइड आउट’. म्हणून सुक्या बांगड्याला ‘ड्राइड आउट’ म्हणू नका, तो तुम्ही मुद्दाम केलाय. ‘ड्राय ऑफ’ म्हणजे वरवरचं पाणी जाणं: धुतलेला मासा मसाला लावण्याआधी. ‘ड्राय अप’ म्हणजे आटणं, मे महिन्यात विहीर ‘ड्राइज अप’. आणि ब्रिटिश घरात ‘आय विल ड्राय अप’ म्हणजे ‘धुतलेली भांडी मी पुसते’.

१५. परदेशी पाहुणी म्हणाली, ‘आय हॅव गॉन ऑफ फिश’. मी घाबरून मासे हुंगून बघितले. ताजे होते!

ती माशाबद्दल नाही, स्वतःबद्दल सांगत होती. ‘द फिश हॅज गॉन ऑफ’ म्हणजे मासा खराब झाला. ‘आय हॅव गॉन ऑफ फिश’ म्हणजे माझं माशावरचं मन उडालं. दोन्ही ब्रिटिश. वाक्यात पहिलं कोण येतं ते बघा: मासा आला तर मासा टाका, माणूस आला तर काळ्या वाटाण्याचं सांबारं टाका. या दोन वाक्यांतला ‘टाका’ वेगळा आहे हे तुम्हाला सांगावं लागलं नाही, बघा.

अमेरिकन पाहुणा त्याऐवजी ‘द फिश हॅज गॉन बॅड’ म्हणेल. ‘पुट ऑफ’ही जवळचाच: ‘द स्मेल पुट मी ऑफ’, वासाने खावंसं वाटेना. वाळत घातलेल्या सुकटाशेजारी होमस्टे असेल तर हा शब्द तुमच्या कानावर येणार.

१६. ‘लीव्ह आउट द चिलीज’ आणि ‘डोंट लीव्ह द चिकन आउट’ यातला ‘आउट’ एकच का?

नाही. पहिल्यात ‘वगळा’: मिरची घालूच नका. दुसऱ्यात ‘बाहेर ठेवू नका’, म्हणजे फ्रीजच्या बाहेर. पदार्थातला एखादा घटक असेल तर पहिला अर्थ, तयार पदार्थ किंवा कच्चं मांस-मासे असतील तर बहुधा दुसरा. अमेरिकेच्या कृषी खात्याचा सल्ला आहे की नाशवंत अन्न दोन तासांपेक्षा जास्त आणि ३२ अंश सेल्सिअसच्या वर हवा असेल तर एका तासापेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये म्हणजे एकच तास धरून चाला. त्यामुळे ‘हाउ लाँग वॉज इट लेफ्ट आउट?’ हा खवचट प्रश्न नसतो, तिकडच्या माणसाला ती सवय असते.

कमी हवं असेल तर पाहुणा ‘गो ईझी ऑन द चिलीज’ म्हणतो. अजिबात नको असेल तरच ‘लीव्ह आउट’. मालवणी मसाल्याच्या बाबतीत हा फरक गंभीरपणे घ्यावा.

१७. जेवण झाल्यावर पाहुणे म्हणाले, ‘शॅल आय वॉश अप?’ मी टॉवेल देऊन न्हाणीघर दाखवलं. चुकलं का?

पाहुणे कुठले यावर आहे. ब्रिटिश माणसाला ‘वॉश अप’ म्हणजे भांडी घासणं. अमेरिकन माणसाला हात-तोंड धुणं. हीच फजिती माझ्या चुलत बहिणीच्या घरी झाली. पाहुणा इंग्लंडचा. तिने टॉवेल, साबण, गरम पाण्याची बादली दिली. तो बिचारा बादली उचलून मागच्या मोरीवर गेला आणि उकिडवा बसून टोप घासायला लागला. ती वरून ‘नो नो, बाथ, बाथ!’ ओरडतेय, आणि तो समजतोय की टोपाला आंघोळ घालायचीय.

शंका असेल तेव्हा ‘डू द डिशेस’ आणि ‘वॉश युअर हँड्स’ वापरा, दोन्हीकडे चालतात. ताटं उचलणं ‘क्लिअर अवे’, ओटा पुसणं ‘वाइप डाउन’.

१८. झटपट काही करून देते, हे कसं म्हणायचं? यूट्यूबवर तीन-चार शब्द ऐकले.

‘व्हिप अप’: चटकन आणि हौसेने. ‘रसल अप’: घरात जे असेल त्यातून, म्हणजे अवेळी आलेल्या पाहुण्याला कुळथाची पिठी आणि भात. कोकणासाठी हा सगळ्यात चपखल, विशेषतः १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा. ‘वी हॅव रन आउट ऑफ फ्रेश फिश, बट आय कॅन रसल अप समथिंग’, आणि डब्यातला सुका जवळा बाहेर काढा. ‘थ्रो टुगेदर’: कसंबसं एकत्र केलं. स्वतःबद्दल विनयाने म्हणा, दुसऱ्याच्या जेवणाबद्दल कधीच नाही.

‘नॉक अप’ ऐकला असेल तर कानातच राहू द्या. ब्रिटिश माणूस जेवणाबद्दल म्हणतो, पण अमेरिकन कानाला तो बाईला गरोदर करण्याबद्दलचा असभ्य शब्द आहे.

१९. मासा आतून शिजलाय हे सांगायला ‘फुल कुक’ चालेल?

‘कुक्ड थ्रू’. ‘थ्रू’ म्हणजे या कडेपासून त्या कडेपर्यंत. बोटीवर जाणाऱ्यांनी हा घोटून ठेवा. अमेरिकी अन्नसुरक्षेच्या नियमावलीत माशासाठी आतलं तापमान ६३ अंश आणि कोंबडीसाठी ७४ अंश सेल्सिअस धरतात. मुलाखतीत ‘हाउ डू यू नो इट इज कुक्ड थ्रू?’ असं विचारलं की हे आकडे उपयोगी पडतात. शिळं गरम करताना ‘हीट थ्रू’. नुसतं कोमट करायचं तर ‘वॉर्म अप’.

२०. ‘टेकअवे’ एक शब्द की दोन?

क्रिया असेल तर दोन, वस्तू असेल तर एक. ‘टू टेक अवे’ म्हणजे घेऊन जाणं, ‘अ टेकअवे’ म्हणजे नेलेलं जेवण किंवा ते विकणारं दुकान. बोलताना जोरही बदलतो: क्रियेत मागच्या ‘अवे’वर, वस्तूत पुढच्या ‘टेक’वर. ‘लेफ्ट ओव्हर’ म्हणजे उरलेलं, ‘लेफ्टओव्हर्स’ म्हणजे शिळंपाकं. अमेरिकेत पाहुणा ‘टेकआउट’ किंवा ‘टू गो’ म्हणेल.

पाटीवर ‘फिश फ्राय’ लिहिलंय ते बदलू का, असंही विचारतात. बदलू नका. ते आपलं इंग्रजी आहे, सगळ्यांना कळतं. ‘फ्राय-अप’ मात्र लिहू नका, ती अंडी-सॉसेज-बेकनची ब्रिटिश न्याहारी आहे.

२१. पाककृती लिहिताना हे शब्द वापरायचे की ‘पुस्तकी’?

लिहिताना ‘बॉइल डाउन’ऐवजी ‘रिड्यूस’, ‘टेक आउट’ऐवजी ‘रिमूव्ह’ जास्त दिसतं. व्हिडिओत बोलताना उलट करा, नाहीतर शाळेतला धडा वाचल्यासारखं वाटतं. ‘ग्राइंड’चा भूतकाळ ‘ग्राउंड’, ‘ग्राइंडेड’ नव्हे. एवढी एक दुरुस्ती केलीत तरी निम्म्या मालवणी चॅनेलांच्या पुढे जाल.

२२. ‘कुक अप अ स्टोरी’ म्हणजे गोष्ट शिजवायची?

रचून सांगायची, खोटी. तिखटमीठ लावून सांगणं त्याच्या अलीकडे राहतं, त्यात मूळ गोष्ट खरी असते.

२३. पाहुणे पानावर बसल्यावर आपण ‘सावकाश होऊ द्या’ म्हणतो. त्याला इंग्रजी?

नाही. जवळचं म्हणजे ‘प्लीज टेक युअर टाइम’. ‘ईट स्लोली’ किंवा ‘स्लो डाउन’ म्हणू नका, हावरटपणाबद्दल टोकल्यासारखं होतं. सुरुवात करा म्हणायला ब्रिटिशांना ‘टक इन’, इतरांना ‘डिग इन’, दोन्ही घरगुती. वाढते म्हणायला ‘आय विल डिश अप’. पेल्यातली सोलकढी संपत आली की ‘शॅल आय टॉप यू अप?’ यात पेल्याचं नावच नाही, भरायचं जणू माणसालाच. उत्तर ‘यस प्लीज’ येतं आणि तुम्ही तांब्या घेऊन येईपर्यंत ते पेला पुढे करून बसलेले असतात.